बीड जिल्ह्याच्या नगरजीवनाचे ऐतिहासिक साधन : कृष्णधवल छायाचित्रे

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात शिलालेख, ताम्रपट, फर्माने आणि महसुली दफ्तरे या साधनांचा विपुल वापर झाला आहे. त्या तुलनेत छायाचित्राचे स्थान बहुधा ग्रंथाच्या सजावटीपुरतेच राहिले. बीड जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहिताना कृष्णधवल छायाचित्रे कितपत उपयोगी ठरतात आणि ती वाचताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दरबारी छायाचित्रण

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या सोसायटीत सक्रिय होते आणि त्यांनी सामान्य माणसांची छायाचित्रे घेतली. बीड मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानात छायाचित्रणाला राजाश्रय मिळाला तो राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या रूपाने. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले दीनदयाळ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजवाडे, शिकारी, लष्करी संचलने आणि संस्थानातील प्राचीन वास्तू हे त्यांचे प्रमुख विषय होते. बीड ज्या औरंगाबाद सुभ्यात मोडत असे, तेथील दुष्काळी कामांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली.

ही छायाचित्रे प्रशासनाचे कार्य दाखविण्यासाठी काढलेली होती, हे विसरता येत नाही. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली. जे कामावर पोहोचलेच नाहीत, वा गाव सोडून गेले, ते चौकटीत येणे शक्य नव्हते. म्हणून छायाचित्र आणि जनगणना यांचे वाचन एकत्रच करावे लागते.

तंत्र आणि अर्थ

तंत्राच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत पट्टी सुकण्यापूर्वीच चित्र घेऊन ते धुवावे लागे. त्यामुळे अंधारा तंबू व रसायने सोबत न्यावी लागत. प्रकाशन काळ दीर्घ असल्याने चालती माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. अशा चित्रातील रस्ता ओस दिसला म्हणून बाजार ओस होता, असे अनुमान काढता येत नाही. त्या काळच्या पट्ट्या निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तर तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी आकाश पांढरे आणि तांबडे पागोटे काळे उमटे.

घरातील संग्रह

खजाना विहीर, पाण्यात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर यांसारख्या वास्तू आजही उभ्या आहेत. त्यांचा अभ्यास प्रत्यक्ष करता येतो. कातडी छागल बनविणारे कारागीर, बिंदुसरेच्या काठावरील वस्ती, आठवडी बाजार यांचे तसे नाही. एकेकाळी बीडची छागल प्रसिद्ध होती. आज तो व्यवसाय स्मृतीत उरला आहे. या जीवनाच्या खुणा दरबारी अल्बमपेक्षा स्थानिक स्टुडिओंच्या निगेटिव्हमध्ये, शाळांच्या समूहचित्रांत आणि घरोघरीच्या ट्रंकांत मिळण्याचा संभव अधिक आहे. लग्नाच्या चित्रात मागे आलेली भिंत, ओटा, सायकल किंवा दुकानाची पाटी हीच इतिहासकाराला महत्त्वाची ठरते.

हे साधन नाजूक आहे. छायाचित्रावरील जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि चित्रे एकमेकांस चिकटतात. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या महापुराने बीड शहरात मोठी जीवितहानी केली व घरे उद्ध्वस्त केली. घर वाहून जाते तेव्हा त्यातील कागद आणि चित्रेही जातात.

निष्कर्ष

दीनदयाळ यांच्या २,८५७ काच निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये संपादन केल्या. राजाश्रयाच्या चित्रांना असे आश्रयस्थान मिळाले. त्याच वर्षी ज्या घरांत पूर शिरला, त्यांतील चित्रांना ते नव्हते. हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग करू शकतात. मूळ चित्र कुटुंबाकडेच ठेवून त्याची प्रत घ्यावी आणि स्थळ, अंदाजे वर्ष, व्यक्ती व व्यवसाय यांची नोंद वृद्धांकडून करून घ्यावी. चेहरे ओळखणारी पिढी हयात आहे तोवरच छायाचित्राचे साधनमूल्य पूर्ण असते. त्यानंतर चित्र उरते, परंतु त्यातील माणूस अनामिक होतो.