पाव मिलिमीटरचा फरक : १९०७ ची बंदी आणि शिकारीची नवी काडतुसं



परदेशातले रायफलचे शौकीन आपली काडतुसं घरच्या टेबलावर स्वतः भरतात, त्याचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. नवं काडतूस बाजारात आलं की त्यांची चर्चा सुरू होते. गोळी कोणती, दारू कोणती, पुंगळी कोणाची, प्रायमर कोणता? आपल्याकडे हा छंद नाही आणि त्याला कायदेशीर कारण आहे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटलेलाच आहे. म्हणून आज मी तुम्हाला काडतूस भरायला शिकवणार नाही. मी सांगणार आहे ती शंभरएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंदुस्थान सरकारच्या एका हुकुमामुळे इंग्लंडमधल्या नामवंत बंदूकसाजांना हेच चार प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागले होते.

आधी चार घटकांची ओळख करून घेऊ. पितळी पुंगळी म्हणजे घर. तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर म्हणजे ठिणगी. आतली दारू म्हणजे जोर. आणि तोंडाशी बसवलेली गोळी, जी प्रत्यक्ष काम करते. फौजेत रंगरूट पहिल्याच आठवड्यात हे शिकतो. पण हे चार घटक सुटे होतात आणि पुन्हा जोडता येतात, याचा राजकीय अर्थ रंगरुटाला कोणी शिकवत नाही. तो अर्थ सरकारला मात्र चांगला कळत होता.

काळ आहे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाचा. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं. गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. वेग सेकंदाला २१५० फूट, म्हणजे साधारण ६५५ मीटर. हत्ती आणि गव्यासाठी त्याआधी खांदा निखळेल अशा प्रचंड बोअरच्या बंदुका लागत. आता तेच काम माणसाला उचलता येईल अशा दुनळी रायफलने होऊ लागलं. हिंदुस्थानातले राजेरजवाडे, जंगल खात्याचे साहेब आणि लष्करी अधिकारी यांच्यात हा बोअर लोकप्रिय झाला.

मग १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी आली. का? वाघ वाचवायचे म्हणून नव्हे. कारण होतं मार्टिनी-हेन्री ही जुनी फौजी रायफल. १८७१ पासून ब्रिटिश फौजेत आलेली, एकेक काडतूस भरून मारायची, .५७७/४५० बोअरची ही बंदूक. इंग्रजी पलटणींना पुढे नवी .३०३ मिळाली, पण हिंदी पलटणींच्या आणि पोलिसांच्या हातात मार्टिनी बराच काळ राहिली. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडेही ती होती. काही चोरून आणलेली, काही विकत घेतलेली, काही तिथेच घडवलेली. दर्रा आदम खेलचे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हातोडी आणि कानस घेऊन विलायती रायफलच्या नकला करत होते.

आता गंमत बघा. रिग्बीचं लांबलचक काडतूस मार्टिनीच्या चेंबरमध्ये बसतच नाही. पुंगळीचा आकारच वेगळा. मग भीती कसली? भीती सुट्या भागांची होती. .४५० ची गोळी पुंगळीतून उपसायची, रिकाम्या मार्टिनी पुंगळीत नवी दारू भरायची, वर ती गोळी बसवायची, झालं. मार्टिनीची मूळ गोळीही ४८० ग्रेनचीच होती. म्हणजे शिकारीसाठी आणलेला माल बंडखोराच्या उपयोगी पडू शकत होता. वंगभंगानंतरचे ते दिवस. बंगालमध्ये चळवळ पेटलेली, पंजाबात अस्वस्थता. आणि अर्धशतकापूर्वीची आठवण सरकारच्या मनातून गेलेली नव्हती. १८५७ च्या उठावाची कारणं अनेक होती, पण ठिणगी पडली ती काडतुसाच्या एका घटकावरून, एनफिल्डच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून. डमडमच्या छावणीतून ती कुजबुज पसरली. काडतूस ही फक्त लोखंड-पितळेची बाब नसते, हे सरकार तेव्हाच शिकलं होतं.

बंदी आली आणि बंदूकसाजांचं मोठं गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. आता त्यांच्यापुढे प्रश्न असा होता : .४५० सारखंच काम करणारं, पण .४५० नसलेलं काडतूस बनवायचं कसं?

पहिला निर्णय गोळीचा. जाडी वाढवायची, पण किती? हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ काढलं. रिग्बीच्या .४५० ची गोळी प्रत्यक्षात .४५८ इंच जाडीची, हॉलंडची जेमतेम .४६८. फरक शंभरांश इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटर. जोसेफ लँग यांच्या .४७० ची गोळी .४७५ इंचाची, म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण तेवढ्याने काम भागत होतं. मार्टिनीच्या नळीत ती गोळी नीट जाणार नाही आणि कायद्याचा आकडाही ओलांडला जाईल. एक लक्षात घ्या. .४५०/४०० हे काडतूस नावात ४५० असूनही अडचणीत आलं नाही, कारण त्यातली गोळी चारशे बोअरची होती. ४५० हा आकडा होता पुंगळीच्या घराण्याचा.

गोळीची जाडी ठरली तरी जात ठरायची होती. वाघ-बिबट्यासारखं पातळ कातडीचं जनावर असेल तर मऊ टोकाची गोळी, जी आत शिरताच फुलते. गवा किंवा हत्ती असेल तर पूर्ण धातूच्या कवचाची, जी हाड फोडून सरळ जाते. यात अदलाबदल झाली की जनावर जखमी होऊन निसटणार आणि त्याची किंमत माग काढणारा खोजी किंवा पुढच्या गावचा गुराखी मोजणार. जखमी वाघ नरभक्षक कसा होतो, हे जिम कॉर्बेट यांनी आयुष्यभर पाहिलं आणि लिहिलं. इथे फौज आणि शिकार यांचे रस्ते वेगळे होतात. डमडमच्याच कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ साठी फुलणारी गोळी काढली होती. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र तशीच गोळी दयेची मानली जाते, कारण जनावर लवकर मरतं. एकाच वस्तूला रणांगणावर एक न्याय आणि रानात दुसरा. दोन्हींमागे तर्क आहे.

दुसरा निर्णय पुंगळी आणि दारूचा, आणि हे दोन्ही एकत्रच ठरतात. तेव्हाची दारू म्हणजे कॉर्डाइट. १८८९ मध्ये एबेल आणि ड्युअर यांनी पेटंट घेतलेली, शेवयांसारख्या दोऱ्यांची. सुरुवातीच्या मिश्रणात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि बाकी व्हॅसलीन. तिचा मोठा दोष म्हणजे उष्णतेत दाब चढतो. लंडनच्या थंड हवेत शहाण्यासारखं वागणारं काडतूस नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या नळीत पडलं की मर्यादा सोडतं. दाब चढला की पुंगळी फुगून चेंबरला चिकटते. गवा अंगावर येतोय आणि दुनळी उघडत नाही, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये. फौजेत असताना राजस्थानच्या उन्हात दारूगोळा सावलीत ठेवायची शिस्त आम्ही पाळायचो. ती कागदावरची औपचारिकता नव्हती.

यावर उपाय दोन. पहिला, उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी भरायची. विलायतेतले कारखाने अशी खास काडतुसं बनवत. दुसरा उपाय अधिक पक्का : पुंगळी ऐसपैस ठेवायची. त्याच वेगासाठी मोठ्या घरात दाब कमी पडतो. म्हणून .४७० आणि .५००/४६५ च्या पुंगळ्या पाचशे बोअरच्या घराण्यातल्या, रुंद पोटाच्या आणि तोंडाशी आवळलेल्या आहेत. आजचा काडतूसकार त्यांना आळशी म्हणेल, पण तो आळशीपणा हेतुपुरस्सर होता.

तिसरी गोष्ट सुट्या भागांच्या यादीत दिसत नाही, पण सगळ्यांना बांधून ठेवते, ती म्हणजे दुनळी रायफल. दोन नळ्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही गोळ्या एकाच जागी लागायला हव्यात. कारागीर नळ्या जोडताना गोळी मारून बघतो, पाचर सरकवतो, पुन्हा मारतो. हे जुळवणं एका विशिष्ट गोळीच्या वजनासाठी आणि एका विशिष्ट वेगासाठी असतं. त्यापैकी काहीही बदललं की दोन नळ्यांचं भांडण सुरू होतं. म्हणूनच .४७० ची गोळी ५०० ग्रेनची आणि वेग २१५० फूट असा आकडा एकदा ठरला, तो आजतागायत टिकून आहे. सुधारणा करायला वाव नव्हता असं नाही. सुधारणा केली तर जुन्या सगळ्या बंदुका वाया जातील, हे कळत होतं.

आता उरला प्रायमर, सगळ्यात छोटा घटक. तेव्हाच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचं मीठ नळीत राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि गंज चढतो. पावसाळी जंगलात तर एका रात्रीत. .३०३ च्या जमान्यातल्या जवानाला नळीत उकळतं पाणी ओतायला शिकवत ते याच मिठासाठी, कारण मीठ तेलात विरघळत नाही. दुसरी बाब रचनेची. बर्डन हे अमेरिकन, बॉक्सर हे इंग्रज. पण झालं उलटंच. अमेरिकेने बॉक्सरची रचना घेतली, इंग्लंड-युरोपने बर्डनची. बॉक्सर रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक असतं. आतून सुई घातली की जळका प्रायमर बाहेर. बर्डनमध्ये दोन बारीक भोकं आणि मध्ये उंचवटा, त्यामुळे तो काढणं किचकट. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला आणि साम्राज्यात रुजला नाही, त्याचं एक कारण एवढंसं भोक आहे.

मग बंदीचं काय झालं? .४७०, .५००/४६५, .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६ अशी एकाला चार काडतुसं आली. चौघांची ताकद एका तागडीतली. साहेबाची शिकार चालू राहिली. आणि सरहद्दीवर? तिथे रायफली येत होत्या मस्कतहून, मकरानच्या किनाऱ्याने, हजारोंनी. त्यासाठी रॉयल नेव्हीला इराणच्या आखातात गस्त घालावी लागली. शिकाऱ्याच्या पेटीतून येणारा ओघ त्या पुरापुढे ओंजळभर होता. सरकारचा तर्क चुकीचा नव्हता, गोळी खरोखरच बसली असती. पण जिथे दार बंद केलं तिथून चोर येतच नव्हता. सुरक्षेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

उत्तरार्ध छोटा आहे. साम्राज्य ओसरलं आणि १९६० च्या दशकात कायनॉक कंपनीने ही मोठी काडतुसं बनवणं थांबवलं. हजारो देखण्या बंदुका पोरक्या झाल्या. त्यांना पुन्हा बोलतं केलं ते घरी काडतूस भरणाऱ्यांनी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातली उरलेली दारू ब्रूस हॉजडन यांच्यासारखे व्यापारी टपालाने विकत होते, जॉन नॉसलर यांच्यासारखे लोक नव्या गोळ्या बनवत होते, आणि चिकाटीचे शौकीन जुन्या आकड्यांना नवी दारू जुळवत होते. त्यांनाही शोधायचा होता तोच १९०७ च्या आसपासचा मेळ : त्या वजनाची गोळी, तो वेग, सौम्य दाब. शेवटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेडरल या मोठ्या अमेरिकन कंपनीने .४७० पुन्हा कारखान्यात भरायला घेतलं.

आणि आपल्याकडे? फौजी बोअर नागरिकाला नाही, हे तत्त्व आपण जसंच्या तसं चालू ठेवलं. .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. परवान्यावर मिळते ती .३१५. हिंदुस्थानच्या बाजारासाठी बीएसएने जुन्या ऑस्ट्रियन काडतुसावर बेतलेली आणि पुढे आपल्या आयुध कारखान्यांनी चालू ठेवलेली रायफल. ताकद .३०३ च्या जवळपासची, फक्त काडतूस वेगळं. उत्तर प्रदेशातल्या बँकेच्या दारात उभा असलेला पहारेकरी खांद्यावर जी रायफल घेऊन असतो, तिच्या बोअरमागे तोच विचार आहे, ज्याने लँग आणि हॉलंड यांना पाव-अर्ध्या मिलिमीटरने गोळी जाड करायला लावली.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या व्हिडिओत कुणी सर्वोत्तम दारू किंवा सर्वोत्तम गोळी सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. कोणत्या बंदुकीसाठी? कोणत्या हवेत? कोणत्या कामासाठी? पलटणीत जसा एकटा जवान लढाई जिंकत नाही, तसा एकटा घटक काडतूस घडवत नाही.

जय हिंद.