गोंगाटरोधक हेडफोन

गोंगाटरोधक हेडफोन किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे परिसरातील नकोसा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करून श्रोत्याला हवा तो ध्वनी ऐकू देणारे श्रवणसाधन आहे. हेडफोनच्या कपांत बसवलेले सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, त्यावरून एक चकती (चिप) त्याच्या नेमका उलट असा ध्वनितरंग तयार करते आणि दोन्ही तरंग कानाजवळ एकत्र आल्यावर परस्परांना बऱ्याच अंशी नष्ट करतात. विमानाचे इंजिन, रेल्वेचा डबा, वातानुकूलन यंत्र, पंखा यांच्या सलग आणि खर्जातील घरघरीवर हे तंत्र विशेष प्रभावी ठरते. माणसांचे बोलणे, गाडीचा भोंगा, भांड्यांचा खणखणाट यांसारख्या उच्च स्वरातील किंवा अकस्मात आवाजांवर मात्र त्याचा प्रभाव मर्यादित असतो. त्यामुळे महागड्या हेडफोनांची तुलना केवळ किमतीवरून किंवा जाहिरातीतील डेसिबलच्या आकड्यावरून करता येत नाही. वापराची जागा, कपांची कानाभोवतीची बसण, वजन आणि बॅटरीचे आयुष्य या बाबी तितक्याच निर्णायक असतात.

इतिहास

ध्वनीने ध्वनी शमवण्याची कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांनी १९३३ मध्ये पेटंटसाठी मांडली. तिचे अमेरिकी पेटंट त्यांना १९३६ मध्ये मिळाले. मात्र ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याइतकी त्वरेने काम करणारी इलेक्ट्रॉनिक सामग्री त्या काळी उपलब्ध नव्हती. १९५३ मध्ये अमेरिकेतील आरसीए या कंपनीचे हॅरी ओल्सन आणि त्यांचे सहकारी एव्हरेट मे यांनी 'इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक' या नावाने अशा उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. याच दशकात लॉरेन्स फोगेल यांनी हेलिकॉप्टर व विमानाच्या वैमानिक कक्षातील गोंगाट कमी करण्याच्या पद्धतींवर काम केले.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक आणि बोस कंपनीचे संस्थापक, भारतीय वंशाचे अमर बोस हे १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला विमानाने जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधील संगीत इंजिनाच्या आवाजात हरवते हे पाहून त्यांनी त्याच प्रवासात गोंगाट शमवण्याच्या गणिताची प्राथमिक मांडणी केली. १९८६ मध्ये डिक रुटन व जिना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमानातून कोठेही न थांबता आणि वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या उड्डाणात बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट वापरले गेले. १९८० च्या दशकातच जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनेही लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी असे हेडसेट विकसित केले. १९८९ मध्ये बोसचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला.

सामान्य प्रवाशांसाठी बोसने २००० मध्ये 'क्वाएटकम्फर्ट' ही मालिका आणली. २०१६ मध्ये बोसचा 'क्वाएटकम्फर्ट ३५' आणि सोनीचा 'एमडीआर-१०००एक्स' हे वायरविरहित हेडफोन आले आणि उंची श्रेणीत ब्लूटूथ जोडणी रूढ झाली. अॅपलने २०२० मध्ये 'एअरपॉड्स मॅक्स' बाजारात आणले.

कार्यतत्त्व

हवेतून जाणारा ध्वनी म्हणजे संपीडन व विरलन यांची मालिका होय. एका ध्वनीचे संपीडन जेथे पोचते तेथेच त्याच क्षणी तेवढ्याच तीव्रतेच्या दुसऱ्या ध्वनीचे विरलन पोचल्यास हवेचा दाब बदलत नाही आणि कानाला काही ऐकू येत नाही. तरंगांच्या या परस्परक्रियेस व्यतिकरण म्हणतात.

मायक्रोफोनच्या जागेवरून या यंत्रणेचे तीन प्रकार पडतात.

• फीडफॉरवर्ड: मायक्रोफोन कपाच्या बाहेरच्या बाजूस असतो. गोंगाट कानापर्यंत पोचण्याआधीच तो टिपला जातो; परंतु प्रत्यक्ष कानाशी किती आवाज उरला हे यंत्रणेला कळत नाही. वाऱ्याच्या झोतानेही अशी रचना फसते.

• फीडबॅक: मायक्रोफोन कपाच्या आत, कानाजवळ असतो. उरलेला आवाज मोजून यंत्रणा स्वतःची दुरुस्ती करते. परंतु प्रतिक्रियेसाठी तिला वेळ कमी मिळतो.

• संमिश्र: दोन्ही ठिकाणी मायक्रोफोन असतात. सध्याचे बहुतेक उंची हेडफोन या प्रकारचे आहेत.

मर्यादा

या तंत्राची मुख्य मर्यादा वेळेची आहे. प्रतिध्वनी तयार होऊन कानाशी पोचण्यास ०.१ मिलिसेकंद उशीर झाला असे समजू. १०० हर्ट्‌झच्या घरघरीचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. त्या मानाने हा उशीर आवर्तनाचा शंभरावा भाग, म्हणजे ३.६ अंश इतकाच असल्याने मूळ दाबाच्या सुमारे ६ टक्केच आवाज शिल्लक राहतो. २,००० हर्ट्‌झच्या ध्वनीचे आवर्तन मात्र केवळ अर्ध्या मिलिसेकंदाचे असते. तेथे तोच उशीर ७२ अंशांचा होतो आणि आवाज कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के वाढतो. म्हणून उत्पादक उच्च वारंवारतांसाठी सक्रिय शमन आपणहून कमी करत नेतात.

तरंगलांबीचाही संबंध येथे येतो. हवेत १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, तर ५,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची सुमारे ७ सेंटिमीटर असते. लांब तरंगाचा दाब कपाच्या आत सर्वत्र जवळपास सारखा असतो. आखूड तरंगाचा दाब कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंत बदलतो. त्यामुळे एका ठिकाणी साधलेले शमन दुसऱ्या ठिकाणी टिकत नाही.

उच्च स्वरातील आवाज अडवण्याचे काम प्रामुख्याने कपाचे आवरण व गादी करतात. यास निष्क्रिय अवरोध म्हणतात. चष्म्याची काडी, दाट केस किंवा झिजलेली गादी यांमुळे फट पडली, की निष्क्रिय अवरोध तर घटतोच, शिवाय खर्जातील सक्रिय शमनही कमजोर होते. मुंबईच्या लोकलमध्ये असा हेडफोन वापरणाऱ्यास डब्याची घरघर दबलेली जाणवते, पण उद्घोषणा आणि शेजारच्या प्रवाशांचे बोलणे बऱ्यापैकी ऐकू येते. हा हेडफोनमधील दोष नसून तंत्राचा स्वभाव आहे. अभ्यासिकेत पंख्याचा आवाज नको असणाऱ्याला या साधनाचा लाभ मोठा होतो. शेजारची कुजबुज नको असणाऱ्याला तुलनेने कमी होतो.

शमन चालू केल्यावर काही व्यक्तींना कानात दाब आल्यासारखे वाटते. असा अनुभव येणाऱ्यांना शमनाची मात्रा कमी करता येणारा हेडफोन सोयीचा ठरतो.

तुलनेचे निकष

शमनाचा आकडा: २० डेसिबल घट म्हणजे ध्वनिदाब एक-दशांश होणे. जाहिरातीतील 'कमाल' आकडा हा बहुधा एखाद्या अरुंद वारंवारता पट्ट्यातील सर्वोत्तम आकडा असतो. वारंवारतेनुसार घट दाखवणारा आलेख त्याहून अधिक माहिती देतो.

बसण आणि वजन: दीर्घ प्रवासात किंवा अभ्यासात हेडफोन तासन्‌तास डोक्यावर राहतो. त्यामुळे ५० ते १०० ग्रॅमचा फरकही जाणवतो. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह हेडफोन घालून पाहणे हीच बसणीची खरी परीक्षा होय. उष्ण व दमट हवेत कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्यांखाली घाम येतो, ही बाब कोकण किंवा मुंबईसारख्या ठिकाणी महत्त्वाची आहे.

ध्वनिसंकेतन: ब्लूटूथवरून ध्वनी पाठवण्यापूर्वी तो संक्षिप्त केला जातो. त्या पद्धतीस कोडेक म्हणतात. सोनीने विकसित केलेले एलडीएसी हे कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते. मात्र ते फोन व हेडफोन या दोन्हींत असावे लागते. आयफोनमध्ये एलडीएसी किंवा एपीटीएक्स नसून एएसी हे कोडेक असते. त्यामुळे आयफोनधारकास त्या सुविधांसाठी जादा पैसे मोजण्यात लाभ नसतो.

जोडणी: एकाच वेळी फोन व संगणक या दोन उपकरणांशी जोडले जाण्याची सोय, तसेच वायरने ऐकण्याची सोय पाहावी लागते. विमानातील आसनापुढील पडद्यांना बहुधा वायरचीच जोडणी लागते.

संभाषण: फोनवर बोलताना समोरच्याला आवाज स्पष्ट पोचणे ही वेगळी क्षमता आहे. श्रोत्याच्या कानातील गोंगाट शमवणारा हेडफोन बोलणाऱ्याच्या भोवतालचा गोंगाट समोरच्यापासून तितक्याच कुशलतेने लपवेल असे नाही.

प्रमुख उत्पादने

पुढील तक्त्यातील वजन व बॅटरीचे तास उत्पादकांनी जाहीर केलेले असून तास हे गोंगाटशमन चालू असतानाचे आहेत.

| हेडफोन | वर्ष | वजन (ग्रॅम, सुमारे) | बॅटरी (तास) | घडी होते का? |
|---|---|---|---|---|
| अॅपल एअरपॉड्स मॅक्स | २०२० | ३८५ | २० | नाही |
| सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ | २०२२ | २५० | ३० | नाही |
| सेनहायझर मोमेंटम ४ | २०२२ | २९३ | ६० | नाही |
| बोस क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा | २०२३ | २५० | २४ | होय |
| सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम६ | २०२५ | २५४ | ३० | होय |

'घडी' म्हणजे कप आतील बाजूस दुमडून हेडफोन लहान करणे. केवळ कप सपाट वळणे यात धरलेले नाही. बोसमध्ये अवकाशीय ध्वनीची सुविधा चालू केल्यास बॅटरी सुमारे १८ तास चालते. सोनीच्या दोन्ही हेडफोनांत एलडीएसी, तर बोस व सेनहायझरमध्ये एपीटीएक्स अडॅप्टिव्ह हे कोडेक आहे. एअरपॉड्स मॅक्स अॅपलच्या उपकरणांमध्ये आपोआप जोडणी बदलतो, त्यात ३.५ मिलिमीटरची खाच नाही.

भारतात वायरविरहित हेडफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत मोडतात. अधिकृत उत्पादनावर किंवा वेष्टनावर ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक असतो. उंची हेडफोनांच्या हुबेहूब नकला बाजारात आढळत असल्याने ही खूण तपासणे उपयुक्त ठरते.

बॅटरी आणि आयुर्मान

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता प्रत्येक पूर्ण भारणचक्रागणिक किंचित घटते. रोज ३ तास वापर धरल्यास वर्षाला सुमारे १,०९५ तास होतात. २० तास चालणाऱ्या हेडफोनला त्यासाठी वर्षाला सुमारे ५५ चक्रे, ३० तास चालणाऱ्यास सुमारे ३७, तर ६० तास चालणाऱ्यास सुमारे १८ चक्रे लागतात. म्हणजे जास्त तासांची बॅटरी केवळ प्रवासात सोयीची नसते, तर अधिक वर्षे टिकण्याची शक्यताही वाढवते.

वायरच्या साध्या हेडफोनला अशी वयोमर्यादा नसते. म्हणून महागड्या वायरविरहित हेडफोनची निवड करताना बॅटरी व गाद्या बदलून मिळतात का, सेवाकेंद्र जवळ आहे का, हे प्रश्न मूळ किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी काही अपवाद वगळता वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे.

श्रवणारोग्य

गोंगाटात ऐकणारी व्यक्ती नकळत आवाज वाढवते. विमानाच्या कक्षात सुमारे ८० ते ८५ डेसिबल गोंगाट असतो. त्यावर मात करण्यासाठी साध्या हेडफोनचा आवाज त्याहून मोठा ठेवावा लागतो. गोंगाट शमल्यास तेच संगीत किंवा व्याख्यान कमी आवाजात स्पष्ट ऐकू येते. हा या साधनाचा आरोग्यदृष्ट्या सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र श्रोत्याने आवाज प्रत्यक्षात कमी केला तरच तो मिळतो.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवण मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. मुलांसाठी आणि अधिक संवेदनशील व्यक्तींसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल ही पातळी आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्यानुसार प्रौढांसाठी ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास आणि ८९ डेसिबलला केवळ ५ तास उरतात.

सुरक्षिततेची मर्यादा

संगीतासाठी बनवलेले गोंगाटरोधक हेडफोन हे कारखान्यातील प्रमाणित कर्णरक्षकांना पर्याय नाहीत. फटाके, यंत्रांचे ठोके किंवा ढोल-ताशांचे जवळून होणारे वादन अशा तीव्र आघाती आवाजांपासून कानाचे रक्षण करण्याची हमी ते देत नाहीत.

रस्ता किंवा रूळ ओलांडताना, सायकल अथवा वाहन चालवताना त्यांचा वापर धोकादायक ठरतो, कारण जवळ येणाऱ्या गाडीचा खर्जातील आवाजच नेमका दबला जातो. बाहेरचा आवाज मायक्रोफोनमधून कानापर्यंत पोचवणारी 'पारदर्शक' स्थिती बहुतेक उंची हेडफोनांत असते. तीमुळे उद्घोषणा किंवा हाक ऐकू येते. परंतु आवाज कोणत्या दिशेने आला याचा अंदाज उघड्या कानाइतका अचूक येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी हेडफोन काढून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो.