परत आलेला लेख

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजला एके काळी ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणत. तिथल्या इंग्रजीचा लौकिक मोठा होता आणि त्यात तंजावरी मराठी माणसांचाही वाटा होता, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. टी. गोपाळराव तिथे शिकवीत. गावातल्या जुन्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव दिले गेले. (पुढे बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवरावही १८२८ साली याच गावात जन्मले. इंग्रजी मात्र ते मद्रासला शिकले.)

या कॉलेजात १९०४ साली सोळा वर्षांचा श्रीनिवास रामानुजन दाखल झाला. टाउन हायस्कूलमधून गणिताचे बक्षीस घेऊन आलेला. शिष्यवृत्तीही मिळाली, आणि ती गणिताबरोबर इंग्रजीही पाहून देत असत. म्हणजे शाळेपुरते इंग्रजी त्याला येत होते. पण कॉलेजात इंग्रजी निबंधलेखनाने घात केला. तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून. फी भरणे अवघडच. १९०५ मध्ये तो घरात कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला.

प्रतिभा मोठी आणि परीक्षा कोती, या एकाच चालीवर आपण ही गोष्ट सांगत आलो. मला ती चाल अपुरी वाटते. रामानुजनला नीट मांडता येत नव्हते, हे खरेच होते, आणि ते गणितातही खरे होते. कार यांच्या ज्या पुस्तकावर तो वाढला त्यात हजारो प्रमेये ओळीने दिलेली, सिद्धता जेमतेम. त्यानेही तोच रिवाज उचलला. पाटीवर करायचे, कोपराने पुसायचे, वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचा. मधल्या पायऱ्या वाचणाऱ्याला लागतात, हे त्याला कॉलेजातल्या नापासाच्या शेऱ्यातून कसे कळावे?

ते सांगणारा माणूस १९११ च्या सुमारास भेटला. बर्नुली संख्यांवरचा आपला पहिला मोठा लेख रामानुजनने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकाकडे पाठवला. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात गणित शिकवीत. मांडणी इतकी त्रोटक की नेहमीचा वाचक वाटेतच अडेल, असे त्यांना दिसले. त्यांनी लेख नाकारला नाही आणि स्वतः सुधारूनही टाकला नाही. परत पाठवला. दुरुस्त होऊन आला तसा पुन्हा परत पाठवला. अशा काही फेऱ्यांनंतर तो छापला. रामानुजनला लेखनाचा खरा मास्तर मिळाला असेल तर तो हाच, असे मी म्हणेन. धडा पुरता मुरला नाही, ही गोष्ट वेगळी: १९१३ च्या जानेवारीत हार्डींना धाडलेल्या पत्रातही प्रमेयेच होती, आणि हार्डींनी उत्तरात आधी सिद्धता मागितल्या.

मी अनुवादक आहे. मजकूर परत येणे हा माझ्या धंद्यातला रोजचा व्यवहार. आपल्या माध्यमिक शाळांत मात्र इंग्रजी निबंध एकदाच लिहिला जातो. लाल शाई, दहापैकी गुण, वही बंद. पुष्कळदा तो फळ्यावरून उतरवलेला किंवा गाइडातून पाठ केलेला असतो, मग मुलाला काही सांगायचे होते का, हा प्रश्नच उरत नाही. साठ वह्या आणि एक शिक्षक, हे गणित मलाही कळते. म्हणून वर्षाला दहा निबंध घेण्यापेक्षा चारच घ्यावेत, प्रत्येक दोनदा लिहून. पहिल्या खर्ड्यावर गुण नकोत, स्पेलिंगच्या खुणाही नकोत. समासात एकच प्रश्न लिहावा, ‘इथे नेमके काय झाले?’ असा, आणि वही परत द्यावी.