ईथरचें कोडें

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन यांनीं एका रुग्णास ईथर हुंगविलें आणि त्याच्या मानेवरील गांठीची शस्त्रक्रिया भर सभेंत पार पडली. तेव्हांपासून ईथरचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु ज्या द्रवानें रुग्णाची वेदना हरण केली, त्याची अंतर्रचना काय, याविषयीं रसायनशास्त्रज्ञांत एकवाक्यता नव्हती.

मद्यार्क व गंधकाम्ल एकत्र तापविलें असतां ईथर निघतें, ही गोष्ट सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. जर्मनीचे थोर आचार्य लीबिग यांचें म्हणणें असें कीं, मद्यार्क म्हणजे ईथर अधिक पाणी. अम्ल तें पाणी शोषून घेतें व ईथर मोकळें होतें. हें दिसावयास सोपें. पण ईथरबरोबर पाण्याचीहि वाफ बाहेर पडते, तिची वाट काय?

१८५० सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अलेक्झांडर विल्यमसन हे सव्वीस वर्षांचे प्राध्यापक होते. बालपणापासून त्यांचा एक डोळा व डावा हात निकामी होता. ईथरचें कोडें सोडविण्यास ते बसलेच नव्हते. मद्यार्कांतील हायड्रोजनच्या जागीं एथिल गट बसवून अधिक वरच्या श्रेणीचा मद्यार्क बनवावा, एवढीच त्यांची योजना. त्यांनीं मद्यार्कांत पोटॅशियम धातु विरघळविला व त्यांत एथिल आयोडाइड घातलें. पोटॅशियम आयोडाइड तळाशीं बसलें. पण उरला तो मद्यार्क नव्हे, नेहमींचें ईथरच!

आतां दोन अर्थ संभवत होते. लीबिगप्रमाणें दोन ईथरें निरनिराळीं सुटलीं असावींत, किंवा प्राणवायूच्या एकाच अणूस दोन एथिल गट जोडले गेले असावेत. निवाड्यासाठीं विल्यमसन यांनीं दुसऱ्या वेळीं मेथिल आयोडाइड वापरलें. पहिला अर्थ खरा असता, तर दोन ईथरांचें मिश्रण हातीं आलें असतें. आलें तें एकच ईथर, एका बाजूस मेथिल व दुसऱ्या बाजूस एथिल असलेलें. पाण्यांतील एक हायड्रोजन बदलला कीं मद्यार्क, दोन्ही बदलले कीं ईथर, हें सिद्ध झालें. गंधकाम्लहि केवळ पाणी शोषून स्वस्थ बसत नाहीं. तें एका रेणूकडून एथिल गट घेतें, दुसऱ्यास देतें आणि पुनः पूर्ववत् होतें. १८६२ सालीं रॉयल सोसायटीनें आपलें पदक देऊन त्यांचा गौरव केला.

या क्रियेची चाल त्याच कॉलेजांत इंगोल्ड व ह्यूज यांनीं १९३० नंतरच्या दशकांत उलगडली. प्राणवायु कर्बाजवळ पाठीमागून येतो, आयोडीन समोरून निघून जातें. म्हणूनच त्या कर्बाभोंवतीं तीन कर्बगटांची दाटी असेल, तर वाट अडते व ईथरऐवजीं अल्कीन बनतें.

ईथर करण्याची ही रीत आजहि विल्यमसन यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्यांना हवें होतें तें मिळालें नाहीं; परंतु जें मिळालें तें फसलेला प्रयोग म्हणून त्यांनीं ओतून टाकलें नाहीं.