बाद्यानापासून कॅप्सूलपर्यंत

सांगलीकडच्या कांदा-लसूण मसाल्यात पडणारे बाद्यान, म्हणजेच चक्रीफूल, आपल्या ओळखीचे आहे. चांदणीच्या आकाराच्या याच फळातून फ्लूवरच्या एका औषधाचा कच्चा माल मिळाला. ही हकिगत वर्गात सांगण्याजोगी आहे.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत पोचली आणि तेथून देशभर पसरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. रोगाचे खरे कारण तेव्हा ठाऊकच नव्हते. माणसातील फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनला.

पण शत्रू ओळखता आला म्हणून लगेच मारता येतो असे नाही. जिवाणूला स्वतःची पेशी असते. पेनिसिलिन तिच्या भित्तिकेवर घाव घालते. विषाणू मात्र आपल्याच पेशीतील यंत्रणा वापरून वाढतो. तेव्हा घाव घालायचा तो पेशीला धक्का न लावता, विषाणूच्या स्वतःच्या एखाद्या भागावर.

फ्लूवरचे असे पहिले औषध अमँटाडीन. अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते विषाणूच्या आवरणातील एक सूक्ष्म मार्ग बंद करते. परंतु त्या मार्गातील एखादे अमिनो आम्ल बदलले, की औषध निरुपयोगी!

दुसरे लक्ष्य न्यूरामिनिडेज हे विकर. नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. हे विकर कात्रीसारखे त्यांना सोडवते. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. मग कात्रीच्या पात्यांत नेमका अडकेल असा रेणू बेतता आला. श्वासावाटे घेण्याचे झानामिविर आणि पोटात घेण्याचे ओसेल्टामिविर यांना १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ओसेल्टामिविर बनवण्यासाठी शिकिमिक आम्ल लागते, ते बाद्यानात भरपूर असते. पुढे ते जिवाणूंकडूनही बनवून घेता येऊ लागले.

मग बाद्यानाचा काढा प्यायल्याने फ्लू बरा होईल का? विद्यार्थी हे विचारतीलच. उत्तर आहे, नाही. शिकिमिक आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच औषध तयार होते. नुसते आम्ल त्या कात्रीत अडकत नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाईन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो पुण्यात. त्या विषाणूवर अमँटाडीन चालत नव्हते, ओसेल्टामिविर चालत होते. मात्र लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले, तरच त्याचा चांगला उपयोग होतो. आणि त्याआधीच फ्लूचा एक जुना प्रकार त्यालाही दाद देईनासा झाला होता.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला करोनाचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले, तेव्हा ही कॅप्सूल कामाची नव्हती. करोनाच्या त्या विषाणूला ही कात्रीच नसते. त्याचे वेगळे विकर हेरून त्याला अडवणाऱ्या निर्माट्रेलविरला अमेरिकेत तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, ती डिसेंबर २०२१ मध्ये.

प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी. सर्दी-तापाच्या दिवसांत सरसकट अँटिबायोटिक मागणाऱ्या पालकांनाही एवढे समजले, तरी पुष्कळ झाले.