क्षमावाणी ते कार्तिकी पौर्णिमा: आपल्या दोन महिन्यांचा हिशेब



गणपती उठले की आमच्या सोसायटीत दिवाळीच्या कार्यक्रमांची यादी फिरायला लागते. रांगोळी स्पर्धा, किल्ला स्पर्धा, मुलांची वेशभूषा, फराळाचे स्टॉल. सगळं छान असतं आणि मीही जाते. गेल्या वर्षी ती यादी वाचून माझ्या नातवानं विचारलं, "आजी, आणि आपल्या बस्तीत काय असतं?" मी म्हटलं, "निर्वाण लाडू असतो की." तो म्हणाला, "एवढंच?"

एवढंच कसं असेल? पण त्याला सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, की उत्तर एका दिवसाचं नाहीच. भाद्रपदापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकात एक गुंफलेलं आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे मला त्यात हिशेबाचा क्रम दिसतो. आधी जुनं खातं मिटवायचं आणि मगच नवी वही उघडायची. नातवाला जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेच आज सलग लिहिते.

सुरुवात क्षमेपासून. आपलं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला बसतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. गणपती आदल्या दिवशी, चतुर्थीला बसतात आणि त्यांचं विसर्जनही अनंत चतुर्दशीलाच. त्यामुळे आमच्या सांगलीत लहानपणी एका कानानं आरत्या ऐकू यायच्या आणि दुसऱ्या कानानं उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव अशा दहा धर्मांवरची प्रवचनं. दोन्हीकडे हजेरी लावायला आम्हा मुलांना कुणी कधी अडवलं नाही. मग भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. दहा दिवसांतला पहिला धर्म क्षमेचा आणि शेवट झाल्यावरचा दिवसही क्षमेचाच.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, हळदीच्या व्यापारात होते. क्षमावाणीच्या सकाळी अभिषेक झाला की ते छत्री घेऊन पायी निघायचे. वर्षभरात वसुलीसाठी ज्याच्यावर आवाज चढवला असेल त्याच्या दारात जायचे. नवी सून म्हणून मला वाटायचं, हे उधारी सोडून येतात की काय! एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "पैसे मागायला मी पुन्हा जाणारच आहे. पण मागताना जे बोललो, ते माझ्या नावावर पडलंय. ते कोण फेडणार?" कॉलेजात शिकलेल्या जमाखर्चात हे खातं कुठंच नव्हतं.

त्यानंतर येतो दसरा. आपल्याकडे त्या दिवशी मोठा विधी नाही, पण मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. कुंभोज इथं १८८७ साली एका जैन घरात जन्मलेले भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काले गावात स्थापन केली ती ४ ऑक्टोबर १९१९ला, विजयादशमीच्या दिवशी. सीमोल्लंघनाचा दिवस त्यांनी गरिबाच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी निवडला. आमच्या घरात दसऱ्याला मुलांची वह्या-पुस्तकं पाटावर मांडतात, तेव्हा मी कर्मवीरांचं नाव घेते.

आता दिवाळी. भगवान महावीरांनी शेवटचा चातुर्मास पावा नगरीत केला आणि ७२व्या वर्षी तिथंच त्यांचं निर्वाण झालं. बिहारमध्ये पावापुरीला कमळांच्या तळ्यात जलमंदिर आहे. दहनानंतर लोकांनी भक्तीनं चिमूटभर राख, चिमूटभर माती कपाळाला लावायला नेली आणि तेवढ्यानं तळं पडलं, अशी कथा सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. चिमटीचिमटीनं तळं कसं होईल याचा हिशेब ती लगेच मांडायला बसतात.

पण दिवे का लावायचे, हे त्यांना सांगायलाच हवं. श्वेतांबर परंपरेतलं कल्पसूत्र सांगतं, की काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी, म्हणजे नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी राजांनी त्या रात्री दिवे लावले. ज्ञानाचा प्रकाश गेला, आता निदान तेलावातीचा प्रकाश करू, असा त्यामागचा भाव. आपल्या दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांचं हरिवंशपुराण आहे, शक ७०५मध्ये म्हणजे इ.स. ७८३ला पूर्ण झालेलं. त्यातही पावानगरी दिव्यांनी उजळल्याचं वर्णन आहे, आणि तेव्हापासून लोक दरवर्षी 'दीपालिका' करून जिनेश्वराची पूजा करतात, असं लिहिलेलं आहे. पुढे सोमदेवसूरींनी इ.स. ९५९मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, यशस्तिलकचंपू लिहिलं. त्यातल्या दीपोत्सवात घरांना सफेदी दिल्याचं वर्णन आहे. हजार वर्षांपूर्वीही दिवाळीआधी घरं रंगवत होते हे वाचून मला हसू आलं. त्या बायकांचेही दोन दिवस आवराआवरीतच गेले असणार!

त्याच दिवशी संध्याकाळी गौतम गणधरांना केवलज्ञान झालं. म्हणून पहाटे निर्वाणाची पूजा आणि संध्याकाळी ज्ञानाची. लक्ष्मीपूजन आपणही करतो, पण ती लक्ष्मी केवलज्ञानाची, मोक्षाची. गुरू गेल्याचं दुःख आणि शिष्याला ज्ञान झाल्याचा आनंद एकाच तिथीला आले. पणती लावताना मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे. मग फटाके का नकोत, हे वेगळं समजवावं लागत नाही.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. उत्तरेकडून आलेल्या पूजेच्या पुस्तकात 'कार्तिक कृष्ण अमावस्या' छापलेलं असतं आणि आपल्या कॅलेंडरात त्या दिवशी आश्विन अमावस्या असते. माझी सून म्हणाली, "आई, पुस्तक चुकलंय." पुस्तक चुकलेलं नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखं, वद्य पक्षाचं तेवढं बदलतं. रात्र तीच.

लाडवाचंही सांगते. आपण अमावास्येच्या पहाटे चढवतो, श्वेतांबर मंडळी बहुधा दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला पहाटे. आणि चढवलेला लाडू आपण खात नाही, तो निर्माल्य झाला. लहान मुलं पहाटे उठून, अंघोळ करून, थंडीत कुडकुडत बस्तीत येतात आणि लाडू हाती लागत नाही म्हणून हिरमुसतात. त्यासाठी आमच्या घरी घाणा दोनदा निघतो. एक देवासाठी सोवळ्यात, दुसरा बस्तीच्या पायरीवर मुलांना वाटायला.

संध्याकाळी वहीपूजन. आणि इथं माझा विषय येतो! मामंजी नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढायचे, महावीरस्वामी आणि गौतम गणधरांचं नाव लिहायचे आणि त्याखाली वीर निर्वाण संवत. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून हा संवत बदलतो. जुन्या ग्रंथांत शकराजाच्या ६०५ वर्षं ५ महिने आधी निर्वाण झाल्याचं येतं. त्यावरून एक सोपा ताळा आहे, मुलांना शिकवून ठेवा. दिवाळीनंतर चालू शकात ६०५ मिळवा, किंवा गुजराती विक्रम संवतात ४७०, किंवा इंग्रजी सालात ५२७. २०२५च्या दिवाळीनंतर पाहा: १९४७ अधिक ६०५, २०८२ अधिक ४७०, २०२५ अधिक ५२७. तिन्हीकडून २५५२च येतं. ताळेबंद जुळल्यावर जो आनंद होतो, तोच इथं होतो.

याच हिशेबानं १९७४च्या दिवाळीला, १३ नोव्हेंबरला, निर्वाणाला २५०० वर्षं पूर्ण झाली. कुणी म्हणेल ५२७ आणि १९७४ मिळून २५०१ होतात. पण इसवी सनात शून्य साल नाही, म्हणून एक वजा करायचा. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. देशभर वर्षभर तो उत्सव चालला, सरकारनंही राष्ट्रीय समिती नेमली होती. आमच्या गल्लीतून मुलींची फेरी निघाली, तेव्हा माझ्या हातात पाच रंगांचा ध्वज होता. तो ध्वज आपल्याला किती जुना वाटतो! पण सर्व पंथांनी मिळून तो ध्वज आणि तळहात, स्वस्तिक असलेलं लोकाकृती प्रतीक स्वीकारलं ते याच निमित्तानं. प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातलं वचन आहे, जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं या अर्थाचं. विनोबांच्या प्रेरणेनं जिनेंद्र वर्णींनी संकलित केलेला ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा सर्वमान्य ग्रंथही तेव्हाचाच. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, तेरापंथी असे चौघे एका ग्रंथावर एकमत झाले, ही लहान गोष्ट नव्हती. आमच्याकडे तर घरातल्या घरात एकमत होत नाही.

मामंजींच्या वहीकडे परत येते. आयकराचा नियम बदलला आणि १९८९-९० या करआकारणी वर्षापासून सगळ्यांना ३१ मार्च हीच वर्षअखेर आली. तोवर आमच्या दुकानाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी होतं. त्या खेपेला १९८७च्या दिवाळीला उघडलेली वही थेट मार्च १९८९ला मिटली, सतरा महिन्यांचं एक वर्ष! ती आवराआवर मीच केली. पुढच्या दिवाळीला मामंजींनी मला कोरी वही आणायला सांगितली. मी म्हटलं, "आता दिवाळीला नव्या वहीचं काय काम?" ते म्हणाले, "सरकारचा हिशेब मार्चला. हा आपला." त्या वहीत ते फक्त एक पान लिहायचे. वर संवत आणि खाली कुणाकुणाचं देणं राहिलंय ते. पैशाचं नव्हे, वागण्याबोलण्याचं. ते गेल्यावर ती वही माझ्याकडे आली.

दिवाळी झाली म्हणजे सारं संपलं असं नाही. आश्विन वद्य चतुर्दशीच्या रात्री मुनिमहाराजांचा वर्षायोग पूर्ण होतो आणि मग ठिकठिकाणी पिंछी परिवर्तनाचे सोहळे होतात. पावसाळा सरता सरता मोर आपणहून पिसं गाळतात. त्या गळलेल्या पिसांची नवी पिंछी श्रावक महाराजांना देतात आणि जुनी पिंछी संयमाचा नियम घेणाऱ्याला मिळते. मुलांना जरूर घेऊन जा. जीव वाचवायचं साधनसुद्धा जिवाला न दुखवता मिळवायचं, हे त्यांना तिथं डोळ्यांनी दिसतं. मग कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टाह्निका, नंदीश्वर द्वीपातल्या ५२ जिनालयांची पूजा. कार्तिकी पौर्णिमेला आपला हंगाम पुरा होतो.

आता नातवाचा दुसरा प्रश्न. हे सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, मग तुझ्या पानावर काय आहे?"

खरं सांगायचं तर पानावर सहा वर्षं एकच नाव होतं, माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. घराच्या वाटणीच्या वेळी त्या म्हणाल्या, "तू शिकलेली, आकडे हवे तसे फिरवलेस." आकडे बरोबर होते. मी कागद पुढे टाकून ते सिद्ध केलं, आणि वर मुलांसमोर म्हणाले, "ज्याला बेरीज येत नाही त्यानं वाटणीत बोलू नये." तेव्हापासून लग्नकार्यात नुसती मान हलवायची. क्षमावाणीला मी दरवर्षी हात जोडलेलं चित्र सगळ्यांना पाठवत होते, त्यात त्यांचाही नंबर असायचा. त्यांच्याकडूनही तसंच चित्र यायचं. दोघींनाही वाटायचं, झालं आपलं.

गेल्या वर्षी क्षमावाणी उलटून गेली होती. तरी दिवाळीच्या चार दिवस आधी मी पायी गेले, वीस मिनिटांचं अंतर. जाऊबाई बेसन चाळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वाटणीचं मी बोलणार नाही. पण मुलांसमोर जे बोलले, ते माझ्याकडून चुकलं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चाळणी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "माझा हात दुखतो गं हल्ली. तू चाळ."

वाटणीबद्दल त्यांचं मत अजून तेच आहे आणि माझंही. पण त्या अमावास्येला पहाटे देवासाठीचा लाडू आम्ही दोघींनी मिळून नेला आणि संध्याकाळी पान लिहिताना मला त्यांचं नाव लिहावं लागलं नाही. त्यांना विचारूनच हे इथं लिहिते आहे. "लिही, पण बेरजेचंही लिही," असं त्याच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, सोसायटीच्या यादीतले कार्यक्रम मुलांना जरूर दाखवा. त्याबरोबर एक कोरी वहीही आणा. वर संवत लिहा, खाली नाव लिहा, आणि दिवाळीच्या आत त्या घरी जाऊन या.

उत्तम क्षमा.