रस्त्याचे हिरवे दप्तर

रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण गॅझेटिअर, जुने नकाशे आणि बांधकाम खात्याची कागदपत्रे धुंडाळतो. रस्ता कधी झाला, कोणत्या गावांवरून गेला, हे त्यांतून कळते. त्यावरून धावलेल्या गाड्यांनी हवेत काय सोडले, याची नोंद मात्र तिथे नसते. ती ठेवणारे एक साधन मला येथे मांडायचे आहे : पावसाळ्यात घाटाच्या कठड्यांवर वाढणारे मॉस. बोलण्यात आपण त्यालाही शेवाळच म्हणतो. पण पाण्यातली शैवले निराळी आणि हे निराळे.

मॉसला खरी मुळे नसतात. त्याची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात. पाणी आणि क्षार ते मुख्यतः पावसातून व धुळीतून घेते. त्यांच्याबरोबर आलेले शिसे, तांबे, जस्त त्याच्या पेशींच्या भित्तींना धरून राहते.

या गुणाचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग स्वीडनमधील र्‍यूलिंग आणि ट्यूलर या संशोधकांनी १९६८ साली केला. दक्षिण स्वीडनमधून १८६० नंतर गोळा झालेले मॉसचे नमुने वनस्पतिसंग्रहांत वाळवून ठेवलेले होते. प्रत्येक पाकिटावर ठिकाण आणि तारीख होती. त्यांतले शिसे मोजल्यावर वाढीचे दोन टप्पे दिसले. पहिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, कोळशाच्या काळातला. दुसरा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, मोटारींचा. शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९२३ पासून विकले जात होते. नमुने जमवणाऱ्यांच्या मनात शिशाचा विचारही नव्हता, म्हणून मला ही साक्ष मोलाची वाटते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. मसुरीतील बार्बुला या मॉसच्या आधारे शंभर वर्षांतील धातूंचा मागोवा घेणारा शोधनिबंध २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. मॉस जिथे उगवत नाही, तिथे ते जाळीच्या पिशवीत भरून टांगता येते. ही पद्धत वेल्समधील स्वॉन्सीच्या परिसरात १९७१ पर्यंत रूढ झाली होती.

आता नंदुरबारकडे येऊ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले १ फेब्रुवारी २००० पासून. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते, त्यामुळे तो निर्णय मोठाच होता. पण त्याने रस्त्याच्या धुळीतले सगळे धातू गेले नाहीत. युरोपातील मॉसमध्ये १९९० ते २०१० या काळात शिसे सुमारे ७७ टक्क्यांनी घटले, तांबे मात्र सुमारे ११ टक्क्यांनीच. ब्रेकच्या लायनरमधून तांबे आणि अँटिमनी झिजून पडते, टायरमधून जस्त. इंधन बदलून ही झीज थांबत नाही.

सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटात चढतो. उतारावर ट्रकचे ब्रेक सतत दाबले जातात. नंदुरबारची मिरची दिवाळीच्या सुमारास उघड्या पथारींवर वाळत पडते. तिच्यावर काय पडते, हा प्रश्न म्हणूनच घरातल्या ताटापर्यंत येतो. तिथे मॉसच्या पिशव्या टांगल्या, तर उत्तराचा धागा हाती लागेल.

त्यात एक दक्षता हवी. इथला खडक बेसाल्ट आहे आणि त्याच्या मातीत मुळातच तांबे व लोह असते. सगळा दोष गाड्यांवर टाकणे चुकीचे ठरेल. म्हणून त्याच जातीचे मॉस महामार्गापासून दूर, तोरणमाळच्या पठारावरूनही घ्यायला हवे. तिथलाही खडक बेसाल्टच. मग उरलेला फरक वाहनांकडे बोट दाखवू शकेल. रस्त्यापासून दूर जावे तसे धातू कमी होत गेले, तर ती खूण आणखी पक्की.

यासाठी लागतात कागदी पाकिटे, नोंदवही आणि जात ओळखणारा एखादा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. मोजणी पुढे प्रयोगशाळेत केव्हाही होईल. दरवर्षी पावसाळा सरताना कोंडाईबारी आणि तोरणमाळ इथले मॉस वाळवून, पाकिटावर ठिकाण व तारीख लिहून ठेवण्याचे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे, असे मला वाटते. पुढे या रस्त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ती पाकिटे लागतील.